ऑइल हीटर "निम्म्या विजेत" वगैरे... जरा थांबा मामा

थंडी पडली की आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात, एक हुरडा पार्टीचे फोटो आणि दुसरा हीटरचा फॉरवर्ड. यंदा मामांनी टाकलाय (मामा निफाडला असतात, तिकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५-६ अंशांवर येतो, त्यामुळे त्यांची काळजी खरी आहे). मेसेज थोडक्यात असा: रॉडवाले हीटर आजच फेका, ते ऑक्सिजन खातात आणि हवा कोरडी करतात. ऑइल हीटर घ्या, निम्म्या विजेत दुप्पट गरमी, रात्रभर दारं-खिडक्या लावून बिनधास्त झोपा, घरातल्या कुठल्याही प्लगला चालतो, ऑफिसातपण न्या. खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि "जनहितार्थ".

यातली एक गोष्ट बरीचशी खरी आहे, तिच्यावर येतोच. पण आधी ती निम्म्या विजेची भानगड, कारण सगळे खरेदी करतात ती तिच्यामुळेच.

हीटर म्हणजे वीज आत, उष्णता बाहेर, बास. १००० वॅटचा हीटर तासभर चालला की १ युनिट पडतं आणि त्या युनिटची जेवढी उष्णता व्हायची तेवढीच होते, मग आत तेल असो, हॅलोजनची नळी असो, सिरॅमिक असो की पंख्यामागची तार. तेल जळत नाही, संपत नाही, ते नुसतं गरम होऊन बसतं. बंद केल्यावर अर्धा तास ऊब येत राहते ती फुकट नसते, सुरुवातीला अर्धा तास काहीच गरम होत नव्हतं ना, तेव्हा तेलात भरलेली उष्णताच तो परत देतो. मग लोकांना बिल कमी का वाटतं, तर त्याला थर्मोस्टॅट असतो, खोली गरम झाली की तो कट होतो. पण थर्मोस्टॅट बऱ्याच ब्लोअर हीटरलापण असतो, त्यात तेलाचं काय कौतुक.

आता हिशोबच करू. मामांनी ज्याचा फोटो टाकलाय तो ११ फिनचा (फिन म्हणजे तेल भरलेल्या त्या उभ्या पट्ट्या), म्हणजे २५०० वॅट. रात्री ८ तास लावला आणि थर्मोस्टॅटने निम्मा वेळ बंद ठेवला असं धरलं तरी १० युनिट एका रात्रीचे. महिन्याचे ३००. महावितरणचे स्लॅब १००, ३०० आणि ५०० ला बदलतात, म्हणजे आज ज्याचं मीटर शंभर-दीडशेत असतं तो थेट तिसऱ्या स्लॅबात जाऊन बसणार आणि तिथला दर वेगळाच. उलट ज्याला संध्याकाळी टीव्हीसमोर दोन तास पाय शेकायचेत त्याने ८०० वॅटचा हॅलोजन समोर ठेवला तर रोजचे १.६ युनिट, महिन्याचे ४८. "फेका" म्हणे.

खरंच कमी विजेत जास्त गरमी हवी असेल तर ती हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसीत मिळते. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो, त्यामुळे १ युनिटला साधारण ३ युनिटची ऊब पडते. पण मशीन महाग, आणि साधा कूलिंगवाला एसी हे करत नाही, हे दुकानात नीट विचारून घ्या.

ऑक्सिजन. अहो, काही जळतच नाही तर ऑक्सिजन कोण खाणार? रॉड लाल दिसतो म्हणून तो जळतोय असं नाही, तार तापते एवढंच. पहिल्यांदा लावल्यावर जो वास येतो तो वर्षभराच्या धुळीचा. मला वाटतं ही समजूत शेगडीवरून आली असावी. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी असायची, दारं लावलेली, आणि तिथे ही भीती शंभर टक्के खरी होती आणि आजही आहे. कोळसा किंवा गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो, त्याला ना रंग ना वास. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला रिसॉर्टच्या एका खोलीत केरळचे ८ पर्यटक दगावले, चार मुलं त्यात, खोलीत गॅसचा हीटर होता. म्हणजे घाबरायचं तर जळणाऱ्या वस्तूला घाबरा, विजेच्या हीटरला त्यासाठी नको.

हवा कोरडी होते हे मात्र खरं, पण सगळ्याच हीटरने. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, गरम हवेची पाणी धरायची ताकद वाढते. १० अंशांची खोली २० वर नेली की आर्द्रता साधारण निम्म्यावर येते, तेलाने नेली काय नि रॉडने नेली काय. ब्लोअर तोंडावर येतो म्हणून नाक जास्त सुकतं एवढाच फरक.

आता ते "कुठल्याही प्लगला". हे वाचून मला खरंच राग आला कारण हे आमच्याच घरी झालंय. साधा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट. २५०० वॅटचा हीटर जवळपास ११ अँपिअर ओढतो. म्हणून तर कंपनी त्याला जाड पिनेचा प्लग देते, आणि आपण काय करतो, चाळीस-पन्नास रुपयांचा कन्व्हर्टर आणून तो बारीक भोकात बसवतो. मीपण बसवला होता, एक्सटेंशन बोर्डावर. तिसऱ्या रात्री जळका वास आला, बघतो तर बोर्डाचं प्लास्टिक लोण्यासारखं वितळलेलं, आणि एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडतो तो मीटरजवळचा स्विच) पडलाच नव्हता. पडणार कसा, तो भिंतीतल्या वायरींसाठी बसवलेला असतो, दहा फुटांवरच्या ढिल्या बोर्डाचं त्याला काही कळत नाही. हीटर थेट भिंतीतल्या १५-१६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला, अर्थिंग बघून. मध्ये काही नको.

ऑफिसचं एका वाक्यात सांगतो, सेंट्रल एसीच्या मोठ्या हॉलमध्ये ऑइल हीटर म्हणजे अंगणात चूल पेटवून घर तापवणं, आणि कॉम्प्युटरच्या लाइनवर दोघा-तिघांनी टेबलाखाली ब्लोअर लावले की पूर्ण रांग अंधारात, त्यापेक्षा फॅसिलिटीवाल्याला एसीचं तापमान वाढवायला सांगा.

आणि आता ती बरीचशी खरी गोष्ट: रात्रभर. झोपलेल्या माणसाच्या खोलीत उघड्या लाल रॉडपेक्षा ऑइल हीटर नक्कीच बरा. उजेड नाही, आवाज नाही, गोधडी सरकून नळीला चिकटायची भीती नाही. पण "बिनधास्त" नाही. त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घालणारे मी पाहिलेत, आणि अंगावर "झाकू नका"चं चिन्ह असतं ते उगाच नाही. तीन फूट मोकळी जागा, आयएसआय मार्क, आडवा पडला तर बंद होणारा स्विच, एवढं बघूनच घ्या. बाथरूममध्ये कुठलाच हीटर नको, बाळाच्या अंघोळीलासुद्धा आधी खोली दहा मिनिटं तापवा आणि बंद करून मग पाणी काढा.

मामांनी रात्री फोन केला, "अरे मग मी घेऊ काय?" त्यांच्याकडे आज्जी आहे, ८४ ची, १० बाय १२ च्या खोलीत झोपते आणि पहाटे थंडीने उठून बसते. म्हटलं, मामा तुम्ही ऑइल हीटरच घ्या, फक्त ११ फिनचा नको, ९ चा पुरे, आणि दाराखालच्या फटीला गोणपाट लावा. ते म्हणाले तो तर कालच आणला, ११ चाच, मोठा म्हणजे बरा. ठीक आहे, कमी वॅटच्या सेटिंगवर चालवा. पण खोलीत पॉवर पॉइंट नाहीये आणि वायरमन रविवारी येतोय, तोवर खोकं उघडू नका असं मामीला वेगळं सांगून ठेवलंय.