लाकडी सांगाडा, विटांची भिंत आणि नानांची काळजी

नानांच्या मुलीने कॅनडात घेतलेले घर लाकडी सांगाड्याचे आहे, हे कळल्यापासून ठाण्यातल्या तलावपाळीवरच्या आमच्या कट्ट्यावर सरळ दोन तट पडले आहेत. बांधकामाचे ठेके घेणाऱ्या भाऊंचे म्हणणे असे की, वीट मुळात भट्टीतून भाजूनच निघते, तिला आग काय करणार. लाकूड मात्र आपण चुलीत घालतो, तेव्हा वाद कसला? अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या अण्णांना हा निकाल फारच घाईचा वाटला.

‘‘वीट जळत नाही, हे मान्य, पण घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत,’’ असे सांगून त्यांनी आपल्याकडच्या जुन्या चाळींकडे बोट दाखवले. त्यांच्या भिंती विटांच्या दिसल्या तरी मजले सागवानी तुळयांवर, छप्पर लाकडी वाशांवर आणि जिनाही बहुधा लाकडीच असतो. शनिवारवाड्याचे 1828 च्या आगीत नेमके हेच झाले. तट आणि जोती राहिली, आतले लाकडी महाल गेले. यावर भाऊंनी तत्काळ टोला हाणला की, हा दाखला लाकडाची बाजू घेणारा आहे की विटांची? माझ्या मते इथे भाऊंचीच सरशी झाली. लंडनच्या 1666 च्या आगीनंतर नव्या घरांच्या बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडी असाव्यात, असा कायदा झाला, तो शेजाऱ्याची आग आपल्या घरात येऊ नये म्हणून. आणि विटांचा हा गुण अण्णांनीही नाकारला नाही.

गंमत अशी की, चर्चेला खरे वळण भाऊंच्याच मोबाइलमधल्या एका छायाचित्राने दिले. नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या पाडकामात निघालेली, कधीकाळी आगीत सापडलेली तुळई त्यांनी करवतीने आडवी कापून घेतली होती. बाहेर भेगाळलेला काळा थर होता, त्याच्या आत बोटभर तपकिरी कड आणि मध्ये पिवळसर, ताजे वाटावे असे सागवान. अण्णांनी त्याचे कारण सांगितले. लाकडाचा पृष्ठभाग साधारण 300 अंश सेल्सिअसला कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडापर्यंत उष्णता लवकर पोहोचू देत नाही. मऊ लाकूड मिनिटाला सुमारे 0.65 मिलिमीटर, तर सागासारखे घट्ट लाकूड त्याहून सावकाश जळते, असा हिशेब अभियंते धरतात. त्यामुळे नऊ इंची तुळई तासभर आगीत राहूनही मधला बराचसा भाग शाबूत ठेवते. उलट उघडी लोखंडी तुळई 550 अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावते.

‘‘पण अण्णा, कॅनडातल्या घरात नऊ इंची तुळया कुठे असतात?’’ हा भाऊंचा प्रश्न बिनतोड होता. तिथले उभे खांब जेमतेम दीड इंच जाडीचे असतात. दोन्ही बाजूंनी आग लागली, तर वरच्याच हिशेबाने अर्ध्या तासात शिल्लक काही उरत नाही. म्हणून तिथे भिस्त असते ती जिप्समच्या फळ्यांवर. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे एक पंचमांश पाणी रासायनिक रूपात बांधलेले असते आणि त्याची वाफ होऊन जाईपर्यंत मागचे लाकूड फारसे तापत नाही. फळ्यांचे सांधे नीट बुजवलेले नसले किंवा वायरसाठी पाडलेले भोक तसेच राहिले, तर मात्र ज्वाळा भिंतीतल्या पोकळीत शिरतात आणि पोकळी मजल्यामजल्यावर अडवलेली नसेल, तर धुराड्यासारख्या थेट माळ्यापर्यंत चढतात.

इथे अण्णांनी भाऊंनाच कोंडीत पकडले. घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरमध्ये विजेच्या डक्टमधून केबल वर जातात, तिथे प्रत्येक मजल्यावरचे भोक अग्निरोधक मसाल्याने बंद केलेले असते का? भाऊ म्हणाले, ‘‘असायला हवे.’’ त्यांच्या आवाजात ठेकेदाराची नेहमीची खात्री नव्हती, एवढे मी नमूद करतो. काँक्रीट आणि वीट जळत नाहीत म्हणून गाफील राहायचे आणि गाद्या, पडदे, फर्निचर यांचा विषारी धूर त्या डक्टमधून वर जाऊ द्यायचा, हे अण्णांना लाकडी घरापेक्षा अधिक धोक्याचे वाटते. आगीत माणसे बहुधा भिंत कोसळून नव्हे, तर धुराने दगावतात.

नानांना एवढ्याने कुठे चैन पडणार? त्यांनी तिथूनच मुलीला संदेश पाठवून तीन गोष्टी विचारल्या: धुराची सूचना देणारे यंत्र झोपायच्या खोल्यांत आहे का, गॅरेज आणि घर यांच्यामधल्या भिंतीला जिप्सम पूर्ण लावलेले आहे का, आणि तळघराचे छत उघडे आहे की झाकलेले. तिसरा प्रश्न अण्णांनी मुद्दाम घालायला लावला, कारण नव्या घरांत मजल्याखाली पातळ फळीच्या जोडतुळया असतात आणि खालून संरक्षण नसेल, तर त्या सलग लाकडी तुळयांच्या तुलनेत फार लवकर कोसळतात.