पकडलेलं मूल त्या रात्री एकटं नको

बॅगेत व्हेप (ई-सिगारेट) किंवा गांजाची पुडी सापडली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. मुलाला वर्गाबाहेर उभं करायचं, घरी फोन लावायचा, आईवडिलांना सगळ्या स्टाफसमोर सुनवायचं आणि शेवटी "दाखला घेऊन जा." मी पुण्यात अकरावी-बारावीला शिकवते. कळकळीने सांगते, मूल पकडलं जातं त्या दिवसाची संध्याकाळ आणि रात्र त्याच्यासाठी फार धोक्याची असू शकते.

सोळाव्या वर्षी पुढचा महिनासुद्धा दिसत नाही. दिसतो तो बाबांचा चेहरा आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारी आपली बातमी. त्यात पोटात दारू असेल, किंवा एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगचा, अंमल उतरत असेल, तर मन आणखी खचतं आणि स्वतःला आवरणं अवघड होतं. जीव द्यायचा विचार कित्येकदा काही तासांचाच असतो. तेवढा वेळ कुणी जवळ बसलं, तर मूल वाचू शकतं.

आणि नशा पुष्कळदा नंतर येते. आधी झोप उडालेली असते, क्लासच्या टेस्टमधले मार्क घसरलेले असतात, घरात रोजची भांडणं असतात. मग कट्ट्यावर कुणीतरी म्हणतं, "घे, बरं वाटेल." आपण मात्र व्यसन पोलिसांकडे आणि डिप्रेशन डॉक्टरांकडे अशी वाटणी करतो. मूल तर एकच आहे ना?

माल सहज मिळतो, हे खरंच आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी विश्रांतवाडी, कुरकुंभ आणि दिल्लीत मिळून एक टनाहून जास्त एमडी पकडलं होतं. मुलांना नशेचे पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. सगळा कडकपणा तिथे दाखवा.

एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) आकड्यांनुसार २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि हेल्पलाइनचे नंबर वर्गांत, हॉस्टेलमध्ये ठळक लावलेले हवेत. तुमच्या मुलाच्या कॉलेजात जाऊन भिंती बघा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

पालकांनो, त्या संध्याकाळी रागावणं उद्यावर ढकला. पोराला जेवू घाला, रात्री त्याच्याच खोलीत झोपा, घरातली औषधं कुलपात ठेवा. आणि सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का रे तुला?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं बोलायला लागतात. उत्तर "हो" आलं तर ओरडू नका, रडून त्याच्यावर आणखी ओझं टाकू नका. त्याला घेऊन त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. पोलीस केस होईल म्हणून दवाखाना टाळणारी घरं अजून आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं आहे. तिला शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत.

व्यसनाचंही तेच. येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून उभं आहे. ते सुरू करणाऱ्या डॉ. अनिता अवचटांनी व्यसनी माणसाला आजारी माणूस म्हणून वागवायची पद्धत याच शहरात रुजवली. मग आपल्या शाळा-कॉलेजांनाच ती का झेपू नये? शिस्त हवीच, पण मुलाला बाहेर काढलं की त्याचे मित्र, शिक्षक, रोजचं वेळापत्रक हे सगळे आधार एका दिवसात तुटतात.

येत्या पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) सभेत एवढं लिहून घ्या: मूल पकडलं गेलं तर त्या दिवशी त्याला घरी कोण घेऊन जाईल, रात्री त्याच्यासोबत कोण असेल आणि दुसऱ्या दिवशी समुपदेशक किती वाजता भेटतील. आमच्या प्राचार्यांना मी हे लेखी दिलं आहे. कुणाला ते पत्र हवं असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, पाठवते.