‘सर्व्हर मुद्दाम बंद ठेवतात’ या रेव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा एक स्टारचा रेव्ह्यू काल रात्री वाचला. केळीचा सीझन, गाड्या भरायची वेळ आणि साइट उघडत नाही, अशा वेळी जीव कसा खालीवर होतो हे रावेर-यावलची माणसं रोज भेटणाऱ्या आम्हाला कळतं. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. पहाटे फोन उचलला जात नाही, ही तक्रारही रास्त आहे.

पण तुम्ही पुढे लिहिलंय : ‘रोज सकाळी सर्व्हर बंद. फोन लागला की दोन मिनिटांत चालू. म्हणजे महागडा प्लॅन गळ्यात मारायला हे लोक मुद्दाम बंद ठेवतात.’ हे फार लागलं. आमचा होस्टिंगचा, म्हणजे लोकांच्या साइट आमच्या सर्व्हरवर चालवून देण्याचा धंदा जळगावात माणसांच्या शब्दावर चालतो. जिनिंगवाले, शाळा, दवाखाने यांची कामं आमच्याकडे आहेत आणि त्यातला प्रत्येक जण हे वाचणार. म्हणून सगळं सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

सर्व्हर बंद नव्हता. तुम्ही म्हणता त्या प्रत्येक सकाळी त्याच टॉमकॅटवरची (जावाची ॲप्लिकेशन्स चालवणारं सॉफ्टवेअर) बाकीची ॲप्लिकेशन्स चालू होती. तुमच्या ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदींत मात्र दिवसाच्या पहिल्या लॉगिनला एकच ओळ येते : ‘कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर’. म्हणजे ॲप्लिकेशन जागं आहे, पण डेटाबेसशी त्याचा संबंध तुटलाय.

तो का तुटतो? तुमच्या नोंदी साठवणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘वेट टाइमआउट’ नावाची सेटिंग असते. ती मुळातच २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास असते. एखादं कनेक्शन ८ तास नुसतं पडून राहिलं, तर डेटाबेस ते आपणहून तोडतो. तुमच्या डेव्हलपरने ॲप्लिकेशन सुरू होताना एकच कनेक्शन उघडून ते स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ॲप्लिकेशन बंद होईपर्यंत तेच राहील असं, ठेवलंय आणि सगळी कामं त्याच्यावरच चालतात. तुमच्या ऑफिसात रात्री ९ च्या सुमारास शेवटची नोंद होते आणि सकाळी ६ ला मुलगा लॉगिन करतो. मध्ये ९ तास गेले. डेटाबेसने कनेक्शन कधीच सोडलेलं असतं आणि ॲप्लिकेशन तेच मेलेलं कनेक्शन धरून बसलेलं असतं. रिस्टार्ट केलं की नवीन कनेक्शन उघडतं, म्हणून दोन मिनिटांत सगळं सुरळीत होतं. आमची चलाखी म्हणून तुम्ही जे दाखवता, ते खरं तर याच दोषाचं लक्षण आहे.

ज्या रात्री तुमच्याकडे जास्त गाड्या होत्या आणि पावत्यांच्या नोंदी १२ वाजेपर्यंत चालल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला साइट व्यवस्थित उघडली. दोन्ही वेळा लॉगमध्ये आहेत. आम्हीच बटण दाबत असतो, तर ती सकाळ नेमकी कशी सुटली असती? डेव्हलपरला सोबत बसवून लॉग एकदा स्वतः बघा, एवढीच विनंती आहे.

‘मग ८ तासांचे २४ करून द्या,’ असं तुमच्या डेव्हलपरने सांगितलं होतं. अनेकांच्या साइट एकत्र असलेल्या शेअर्ड सर्व्हरवर ते करणं परवडत नाही. मायएसक्यूएलला एका वेळी ठरावीकच कनेक्शन चालतात, मूळ सेटिंगमध्ये १५१. सगळ्यांची पडून असलेली कनेक्शनं दिवसभर धरून ठेवली, तर एक दिवस कोणालाच आत शिरता येणार नाही. ‘ऑटो रीकनेक्ट’, म्हणजे तुटलेलं कनेक्शन आपोआप पुन्हा जोडणं, हा त्याने सुचवलेला उपायही नको. व्यवहार अर्ध्यात असताना कनेक्शन बदललं, तर पावती चढते आणि वजन राहतं. शेतकऱ्याच्या हिशोबात असं चालत नाही. खरा उपाय असा : टॉमकॅटचा कनेक्शन पूल, म्हणजे तयार कनेक्शनांचा साठा वापरायचा, कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का हे तपासणारं ‘टेस्ट ऑन बॉरो’ चालू करायचं, त्या तपासणीसाठी ‘सिलेक्ट १’ ही व्हॅलिडेशन क्वेरी द्यायची आणि काम झालं की कनेक्शन पुलात परत करायचं. जाणत्या माणसाला यात फार वेळ लागत नाही.

आता महागड्या प्लॅनचं. वेगळ्या जेव्हीएमचा (जावा ज्यात चालतं ती स्वतंत्र जागा) दर आम्ही सांगितला होता, पण तो या त्रासासाठी नव्हता, दुसऱ्याच अडचणीसाठी होता. तुमच्या ॲप्लिकेशनची नवीन वॉर फाइल (ॲप्लिकेशनचं पूर्ण पॅकेज) चालू ॲप्लिकेशनवरच पुन्हा पुन्हा चढवली जाते, जुने क्लासेस, म्हणजे जुन्या प्रोग्रामचे भाग मेमरीत अडकून राहतात आणि त्यांच्यासाठीची मेमरी, म्हणजे सगळ्यांची सामाईक मेटास्पेस भरत जाते. एका डीपीवर दहा शेतांच्या मोटारी असतात आणि एकीने लोड खाल्ला की बाकीच्यांचं पाणी थांबतं, तसं इथे होतं. त्याच टॉमकॅटवर तुमच्याशेजारी एका शाळेची फीची साइट आहे, तिचाही विचार आम्हाला करावा लागतो. वेगळी जेव्हीएम घेतली तरी सकाळचा त्रास जाणार नाही, हे मी तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. ते सांगणारा माणूस तुम्हाला लुटायला बसला होता का?

बहुतेक स्वस्त होस्टिंगवर पीएचपीच चालतं. जावाचं नाव काढलं की लोक मोठ्या सर्व्हरचा खर्च सांगतात. आपल्या भागातल्या माणसाला परवडावं म्हणून आम्ही हे चालवतो, आणि तुमचे लॉग वाचायचा एक रुपया घेतलेला नाही.

पहाटेच्या फोनची सोय करतोय, माणूस बघणं चालू आहे. कनेक्शन पुलाची माहितीही मराठीत लिहून सगळ्यांना पाठवू.

रेव्ह्यू काढा असं म्हणत नाही. ‘मुद्दाम’ एवढा शब्द मात्र काढा. डेव्हलपरला ऑफिसला पाठवा, बदल त्याच्यासोबत बसून करून देऊ. तरीही साइट दुसरीकडे न्यायची असेल तर वॉर फाइल आणि डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) तयार करून ठेवलाय, केव्हाही घेऊन जा.