गाडी झालीच आहे, फक्त…

मराठीत ‘फक्त’इतका जड शब्द दुसरा नसेल. ‘गाडी झालीच आहे, फक्त वायरिंग राहिलंय’ असं एखादा किट कारवाला म्हणाला की ओळखावं, अजून वर्षभर तरी तिकडे फिरकायचं कारण नाही. ‘फक्त ब्रेकच्या नळ्या’ म्हणाला तर सहा-आठ रविवार धरावेत. आणि ‘फक्त रंग’ म्हणाला तर विषयच बदलावा. दुखऱ्या जागी बोट ठेवू नये.

किट कार म्हणजे खोक्यांतून घरी येणारी स्पोर्ट्‌स कार. खोक्यांत काय असतं? चौकोनी पोलादी नळ्या जोडून केलेली चेसिस, सस्पेन्शनचे विशबोन (चाक चेसिसला धरून ठेवणारे इंग्रजी A च्या आकाराचे दांडे), अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, फायबरचं नाक, फायबरचे मडगार्ड आणि नटबोल्टच्या बिननावाच्या पिशव्या. काय नसतं? इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारा), हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि बऱ्याचदा ब्रेक. म्हणजे गाडी चालण्यासाठी आणि थांबण्यासाठी जे जे लागतं ते सोडून सगळं मिळतं. उरलेला ऐवज एखाद्या जुन्या गाडीतून काढून घ्यायचा. तिला ‘डोनर’ म्हणतात. अवयवदानच ते, पण दात्याची संमती कुणी विचारत नाही.

पूर्वी या कामाला फोर्ड सिएरा लागायची, आता बहुतेकांची भिस्त माझदा एमएक्स-५ वर. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, पहिल्या दोन पिढ्यांत चारही चाकांना डबल विशबोन, जणू उघडून नेण्यासाठीच बनवलेली. माझं एवढंच सांगणं, डोनर चालू असताना घ्या आणि उघडण्याआधी चांगली दामटून बघा. गिअर उडतो का, धूर निळा येतो का, तापल्यावर ऑइलचा दाब टिकतो का, हे गाडी उभी आहे तोवरच कळतं. मग प्रत्येक प्लगला चिठ्ठी बांधा, फोटो काढा आणि वायर कापू नका. शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं, तुमची गाडी रस्त्यावर धावेपर्यंत डोनरचा सांगाडा भंगारात घालू नका. ज्या दिवशी तो भंगारात जातो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच राहिलेल्या एका अंगठ्याएवढ्या ब्रॅकेटची गरज पडते, हा निसर्गनियम आहे.

या वेडाचं कूळ शोधत गेलं तर कर चुकवण्यापाशी पोचतं. चुकवणं म्हणजे कायदेशीर हो. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची, किट म्हणूनही विकली जाणारी लोटस सेव्हन १९५७ साली आली. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. असं सांगतात, की किटसोबत जोडणीच्या सूचना देता येणार नाहीत अशी अट होती, म्हणून गाडी खोलण्याच्या सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाईक त्या शेवटून वाचे. १९७३ साली व्हॅट आला, किटची सवलत संपली आणि त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले. सवलत गेली, पण सूचना लिहिण्याची ती पद्धत राहिली. आजही पुस्तिकेत ‘ब्रेक जोडा’ हे दोन शब्दांचं वाक्य असतं आणि त्याला तीन रविवार लागतात.

पहिला धडा पत्र्याचा. चेसिसच्या तळाला आणि बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावायचा. सव्वा-दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा, ३.२ मिलिमीटरचे रिव्हेट, त्यासाठी ३.३ चं भोक, दोन भोकांत सुमारे पाच सेंटिमीटर अंतर. सोपं वाटतं. भोकं काही शे आहेत हे चाळिसाव्या भोकाला कळतं. बरं, पत्रा थेट पोलादावर ठेवून भागत नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यांच्यात विजेचा खेळ सुरू होतो आणि अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी व्हायला लागते. मधे पॉलियुरेथेन सीलंटचा थर हवा. तेव्हा आधी पत्रा कोरडा बसवून भोकं पाडायची, क्लेको पिनांनी, म्हणजे भोकात घालायच्या तात्पुरत्या चिमट्यांनी, धरायचा, मग पुन्हा काढायचा, भोकांची कूस, म्हणजे कडेला उठलेली धार, घासायची, सीलंट लावायचं आणि मग रिव्हेट. सीलंट एकदा सुकलं की पत्रा निघत नाही. आणि ते सुकल्यावरच आठवतं, की पेट्रोलची नळी आतून जायची होती.

यावरून आम्हा किटवाल्यांचं पहिलं सूत्र निघतं. प्रत्येक भाग तीनदा बसवावा लागतो. एकदा बसतो का ते बघायला, एकदा नीट बसवायला आणि एकदा त्याच्यामागे काय राहिलं ते लावायला. म्हणून जाणते लोक सुरुवातीला साधे नट वापरतात. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला नट, एकदा आवळून काढला की त्यातल्या नायलॉनची पकड ढिली होते, तो पुन्हा वापरायचा नसतो. शेवटच्या जोडणीत नवा नायलॉक, टॉर्क रेंचने मोजून आवळलेला, आणि त्यावरून बोल्टपर्यंत रंगाची एक रेघ. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. ‘अजून थोडा आवळू’ या मोहाला बळी पडू नये. तो थोडा म्हणजे आटे जाण्याआधीचा शेवटचा थोडा असतो.

सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचं दुखणं वेगळं. गाडी स्टँडवर उभी, चाकं लोंबकळतायत, हात सगळीकडे पोचतोय, तेव्हा सगळे बोल्ट घट्ट करून टाकावेसे वाटतात. करू नयेत. रबर त्या लोंबत्या अवस्थेत पकडलं जातं आणि गाडी खाली उतरली की जन्मभर पिळलेलं राहतं. मग महिन्या-दोन महिन्यांत फाटतं. ते बोल्ट गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीवर आली की घट्ट करायचे. त्या वेळी अर्थातच हात कुठेच पोचत नाही.

आता ब्रेकच्या नळ्या. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. तांबं-निकेलची ४.७५ मिलिमीटरची नळी घ्यायची, सरळ कापायची, तोंडाची कूस काढायची, चेसिसच्या कडेकडेने सुबक वळवायची. एकेका वळणाला अर्धा तास जातो, पण नळी अशी दिसते की फ्रेम करून भिंतीवर लावावी. मग टोकाला फ्लेअर काढायचा, म्हणजे नळीचं तोंड उमलवायचं. यंत्रात धरलं, पिळलं, सोडलं. काय सुंदर फ्लेअर! गोल, गुळगुळीत, कुठे चीर नाही. तो प्रकाशात फिरवून बघताना नजर टेबलावर जाते आणि तिथे नट पडलेला असतो. तो फ्लेअरच्या आधी नळीत ओवायचा असतो. दुसऱ्या टोकाने ओवावा, तर तिथला फ्लेअर कालच काढलाय. आता टोक कापायचं. कापल्यावर नळी दोन सेंटिमीटर आखूड होते आणि सुबक वळणांमुळे कुठूनही दोन सेंटिमीटर उसने मिळत नाहीत. नवी नळी घ्यायची. हे प्रत्येकाचं होतं. ज्याचं झालं नाही त्याने तयार नळ्या विकत आणल्या आहेत.

त्यातही दहा मिलिमीटरचा मेट्रिक नट आणि तीन-अष्टमांश इंची नट ही जुळी भावंडं. इंची नट मेट्रिक आट्यांत गुपचूप शिरतो, दोन-तीन वेढे अगदी घरच्यासारखा फिरतो आणि पाना लावला की आटे खाऊन टाकतो. हाताने ढिला लागणारा नट संशयितच समजावा. इथे चूक म्हणजे पुढचा ट्रक फार वेगाने जवळ येणं.

नळ्या झाल्या की ब्लीडिंग, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढणं. मैत्रीची खरी परीक्षा. एक पेडलवर, एक चाकापाशी, हवा बाहेर सोडायच्या निपलला पाना लावून.

“दाब.”

“दाबलं.”

“धरून ठेव.”

“धरलंय.”

“उघडतोय… सोडलंस का?”

“तू ‘सोड’ म्हणालास ना?”

“‘सोडलंस का’ म्हणालो!”

निपल उघडं असताना पेडल सोडलं की हवा परत आत. पहिल्यापासून सुरुवात, मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलतो तो) सर्वांत लांबच्या चाकाकडून. सगळं शिस्तीत होऊनही पेडल स्पंजासारखं राहिलं तर कॅलिपरकडे, म्हणजे चाकापाशी ब्रेकची डिस्क आवळणाऱ्या पकडीकडे, बघावं. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला असेल तर निपल खाली जातं आणि हवा वरच्या बाजूला मजेत बसून राहते. लिटरभर ऑइल ओतलं तरी ती हलत नाही. आणि ते ऑइल रंगावर सांडू देऊ नये, रंग सोलून काढतं. शिवाय ते हवेतलं पाणी पितं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. म्हणजे हा संवाद दर दोन वर्षांनी.

वायरिंगबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईल. साध्या गाडीत पत्र्याची बॉडीच अर्थचं (इंग्रजी ‘earth’), म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेचं, काम करते. इथे दिवे फायबरवर, आणि फायबरमधून वीज जात नाही. प्रत्येक दिव्याला अर्थची स्वतंत्र वायर चेसिसपर्यंत आणावी लागते. चेसिसवर सुंदर पावडर कोटिंग असतं, त्यातूनही वीज जात नाही. ज्या कोटिंगला पाहुण्यांना हात लावू देत नाही, तेच कानशीने खरवडून उघडं लोखंड काढावं लागतं. जीव होत नाही म्हणून अर्धवट खरवडलं, की उजवा इंडिकेटर लावल्यावर मागचा ब्रेक लाइट मिणमिणतो आणि हॉर्न वाजवला की हेडलाइट मान टाकतो. असली भुताटकी दिसली की फ्यूज, रिले, ग्रहमान काही तपासू नये. अर्थ तपासावा.

इंजिन बसवण्याच्या दिवशी बिनबोलावता माणसं जमतात. क्रेनला लटकलेलं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच, शेपूट खाली करून तिरके आत सोडायचे. चेसिसच्या नळ्यांना जुन्या चादरी गुंडाळायच्या. त्याआधी क्लचची प्लेट मधोमध आहे का हे अलाइनमेंट टूलने पाहिलं नसेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून बोटभर अंतरावर अडून बसतात. अशा वेळी बोल्ट आवळून ओढून घ्या असा सल्ला देणारा एक जण जमावात असतोच. त्याला चहाला पाठवावं. ओढून घेतलं की बेलहाउसिंगचा, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाचा, कान तरी तुटतो, नाहीतर प्लेटची मधली नळी वाकते.

पहिल्यांदा सुरू करताना स्पार्क प्लग काढून, पेट्रोल पंपाचा फ्यूज उपसून, नुसता स्टार्टर फिरवायचा. ऑइलच्या दाबाचा काटा हलला की मगच प्लग लावायचे. नंतर तापमानाचा काटा एकदम उडी मारेल. बहुतेक वेळा इंजिन बिघडलेलं नसतं. या गाड्यांचं नाक बुटकं, त्यामुळे रेडिएटर इंजिनपेक्षा खाली, आणि हवा वर इंजिनच्या डोक्यात अडकते. नाक जॅकवर उंच करून पाणी भरायचं.

ब्रिटनमध्ये अशा गाडीला रस्त्यावर येण्याआधी आयव्हीए (इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल) चाचणी असते. बाहेरून स्पर्श होऊ शकेल अशी कड किमान २.५ मिलिमीटर गोलाई असलेली हवी. म्हणून चाचणीच्या सकाळी प्रत्येक नटाला प्लॅस्टिकची टोपी आणि प्रत्येक कडेला रबराची पट्टी. मुंजीच्या बटूसारखी गाडी नटते आणि दुपारी सगळं उतरवते.

यानंतर सुरू होतं वजनाचं वेड. गाडीचं एकूण वजन सहाशे किलोच्या आसपास. तेव्हा चारही चाकांखाली काटे ठेवून तिरक्या जोडीचं वजन, म्हणजे पुढचं डावं अधिक मागचं उजवं, एकूणाच्या निम्मं आणतात. स्प्रिंगची बैठक एका कोपऱ्यात वर केली की त्या चाकावर आणि त्याच्या तिरक्या चाकावर भार वाढतो, लंगड्या टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी घातल्यासारखं. जमीन अगदी सपाट हवी, टायरची हवा आधी नेमकी केलेली हवी आणि चालकाच्या जागी चालकाच्या वजनाची पोती हवीत. इथे सगळे खोटं बोलतात. जो माणूस दोनशे ग्रॅम वाचवायला बोल्ट पोखरतो, तो स्वतःचं वजन कॉलेजातलं सांगतो. गाडी मग एका बाजूला कलते आणि दोष स्प्रिंगला.

टायरची हवासुद्धा अठरा ते वीस पीएसआयच्या आसपास पुरते, कारण गाडीच हलकी. सवयीने बत्तीस भरली तर टायर मधोमध टेकतो आणि गाडी ओल्या साबणावर चालल्यासारखी वाटते.

आणि एवढं करून चालवायचं सुख? आहे, प्रचंड आहे. हात बाहेर काढला तर रस्त्याला लागेल इतकं खाली बसायचं, पेडलं इतकी जवळजवळ की साधे बूट घातले तर ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले जातात. स्टिअरिंग नुसतं मनात आणलं तरी वळतं. बाजूने जाणारा सायलेन्सर उतरताना पोटरीला चटका देतो. चार किटवाले भेटले की आधी पोटऱ्या दाखवतात. शंभरेक किलोमीटर झाले की थांबून चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासायचे. तेवढ्यात पाऊस येतो.

हूड बटणांनी लावायचं असतं. थंडीत कापड आक्रसतं, शेवटचं बटण बोटभर लांब राहतं, दोघांनी ओढावं लागतं. ते बसतं तेव्हा पाऊस थांबलेला असतो आणि आतली मंडळी बाहेरच्यांपेक्षा ओली असतात. मग कुणाचं तरी लक्ष गाडीखालच्या थेंबांकडे जातं. पाणी का? कुणीही पाणी मानायला तयार नसतं. बोट लावून वास घेतला जातो. गोडसर आला तर कूलंट, चिकट बुळबुळीत आणि रंगहीन असेल तर ब्रेक, गंधकासारखी घाण आली तर डिफरन्शियल. तिघांचे तीन निष्कर्ष, आणि मालकासकट चौघे गाडीखाली.

रस्त्याने जाणारे एक आजोबा थांबतात. आठ पाय बाहेर दिसत असतात.

“वा! घरी बनवली म्हणे. झाली का पूर्ण?”

“झालीच आहे, आजोबा,” खालून आवाज येतो, “फक्त तो दहा नंबरचा पाना तेवढा इकडे सरकवता का?”