व्हिट्रिनाइटचे आकडे जुळत नाहीत, म्हणून कोळसा कालचा?

माझी भाची भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर एकाने तो फिरता मेसेज टाकून तिलाच जाब विचारला, आणि पोर गप्प झाली. म्हणून हे लिहितोय. मेसेजचं म्हणणं असं: कोळशाचं, तेलाचं वय व्हिट्रिनाइट नावाच्या कोळशातल्या, खडकातल्या कणावरून काढतात, एकाच तेलविहिरीतले आकडे वरखाली होतात, दोन लॅबचे जुळत नाहीत, तेल तर लॅबमध्ये तीन दिवसांत निघतं, तेव्हा कोट्यवधी वर्षं ही थाप.

पहिल्याच वाक्यात घोळ. व्हिट्रिनाइटवरून वय काढतच नाहीत! प्राचीन लाकडापासून झालेला हा कण घासून चकचकीत करतात, तेलाच्या थेंबाखाली सूक्ष्मदर्शकात पाहतात आणि पडलेल्या उजेडापैकी किती टक्के परत आला ते मोजतात. खडकाने किती उष्णता किती काळ सोसली, एवढंच त्यातून कळतं, आणि त्यावरून तिथे तेल मिळेल की वायू याचा अंदाज बांधतात. मॉस्को खोऱ्यातला कोळसा 30 कोटींहून अधिक वर्षांचा, पण कधी खोल गाडला गेला नाही, म्हणून अजून लिग्नाइटच, म्हणजे कच्चा तपकिरी कोळसा. उलट झारखंडातल्या झरियाच्या कोळसा खाणींत तप्त शिलारस कोळशात घुसला, तिथे लगतचा कोळसा भाजून झामा, म्हणजे कोकसारखा टणक, झाला. त्याच थरात थोडं लांब गेलं की साधा कोळसा. वय एक, आकडे दोन. मेसेजवाल्याच्या हिशेबाने एकाच थराला दोन वयं द्यावी लागतील.

विहिरीतल्या चढउताराला फार वेळ देत नाही. खोदताना वरच्या थरांचा चुरा ढासळून नमुन्यात मिसळला की आकडा घसरतो, जुन्या खडकातून वाहून आलेले कण असले की चढतो. हायड्रोजन भरपूर असलेल्या सागरी शेलमध्ये (चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकात) तो मुळातच दबलेला असतो. हे कुणी लपवलेलं नाही.

लॅबचे जुळत नाहीत, हे मात्र मानावं लागतं. पॉल हॅकली हे अमेरिकी भूशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच शेलचे नमुने अनेक लॅबकडून मोजून घेतले, निकाल 2015 साली छापला. एकाच लॅबची फेरमोजणी जवळ आली; लॅबालॅबांतले आकडे बरेच फाकले. शेलमध्ये व्हिट्रिनाइट थोडं, त्यात घन बिटुमेन, म्हणजे डांबरासारखा घट्ट पदार्थ, तोही तसाच करडा दिसतो. कण चुकला की आकडा चुकला. नुसती सरासरी देऊन कुठल्या आकड्याचे किती कण मिळाले हा आलेख न देणारे अहवाल पाहिले की मलाही राग येतो: आलेखात दोन उंचवटे असतील तर ती सरासरी कुठल्याच कणाची नसते. पण यातून चुकतो तो तेल की वायू हा अंदाज, खडकाचं वय नाही.

राहिलं तीन दिवसांतलं तेल. निघतं ना, शेल 300 अंशांच्या वर 72 तास तापवल्यावर. आच वाढवली की वेळ कमी लागतो. जमिनीखाली शंभर-दीडशे अंशांत त्याच कामाला लाखो वर्षं जातात.