खुलासा: डीपीला कपॅसिटर असला तरी पंपाचा काढू नका

‘डीपीला (रोहित्राजवळच्या वितरण पेटीला) मोठा कपॅसिटर बसला की शेतातल्या पंपांचे कपॅसिटर काढून टाका,’ असा सल्ला शेतकऱ्यांमध्ये फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याचा फटका वाहिनीच्या टोकाला असलेल्यांना बसतो.

मोटरला चुंबकत्वासाठी जी रिअॅक्टिव्ह वीज लागते, ती कपॅसिटर जवळच पुरवतो. तो डीपीला असेल तर रोहित्रावरचा भार हलका होतो, पण डीपी ते विहीर या तारांतून तोच जादा प्रवाह वाहत राहतो. कमी व्होल्टेजचे मूळ बहुतेकदा या लांब, बारीक तारांतच असते.

५ एचपीची मोटर ०.८ पॉवर फॅक्टरला (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) साधारण ८ अँपिअर घेते. जवळ २ केव्हीएआरचा (रिअॅक्टिव्ह विजेचे माप) कपॅसिटर लावला की पॉवर फॅक्टर ०.९५ च्या आसपास जातो, प्रवाह ७ च्या खाली येतो. तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ती सुमारे ३० टक्के घटते. दहा पंपांचा हिशेब करून पाहा.

कपॅसिटर स्टार्टरनंतर, मोटरबरोबरच चालू-बंद होईल असा जोडावा. हे काम वायरमनकडूनच करून घ्या; वीज गेल्यावरही कपॅसिटरमध्ये साठलेली वीज शिल्लक असते.

‘आता सौर वाहिनी (सौर प्रकल्पातून शेतीला वीज देणारी) आली, कपॅसिटर कशाला?’ हेही पटणारे नाही. सौर प्रकल्प उपकेंद्राजवळ असला तरी तिथून विहिरीपर्यंतची तार तीच आहे.

मीटर युनिट मोजतो, त्यामुळे कपॅसिटरने तुमचे बिल फारसे उतरणार नाही. मोटरला मात्र पुरेसे व्होल्टेज मिळेल, शेजाऱ्याच्याही.