पाऊस दारात, गच्ची तशीच!

सोसायटीच्या मेंटेनन्सचं बिल महिन्याच्या १ तारखेला हजर. मग गच्चीची पाणी जायची तोंडं जूनच्या पहिल्या सरीनंतरच का आठवतात? पणजी असो की मडगाव, गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे पगारी मॅनेजरला नवं आहे का? वॉटरप्रूफिंग एप्रिलमध्ये, कोरड्या स्लॅबवर! भेगा खरवडून भरा, कठड्याच्या कोपऱ्यांना गोलाई द्या, मग वॉटरप्रूफिंगचा कोट, आणि तो पूर्ण सुकल्यावर पाणी साठवून निदान २४ तासांची चाचणी. ओल्या स्लॅबवर कोट फासला की आतली वाफ फुगे आणते, थर सुटतो, पैसे पाण्यात. वरच्या मजल्यावरच्यांनी गणेश चवथीपर्यंत बादल्याच बदलायच्या? सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठीचा राखीव निधी, कशाला भरतो आपण, फाटक रंगवायला?